पाऊस, चिखल, थंडी आणि रणगाडे : स्ट्रॅटेजी गेममधल्या हवामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण दर रविवारी दुपारी नाशिकरोडला जमतो. कधी लॅपटॉपवर, कधी टेबलावर नकाशा पसरून. नवीन येणारा प्रत्येक जण हवामानाबद्दल जवळजवळ त्याच शंका विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक हार्ट्स ऑफ आयर्न ४, कंपनी ऑफ हीरोज २ आणि जुन्या पॅन्झर जनरल या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेममधली आहेत. जिथे गेमने पुरेसं शिकवलं नाही, तिथे खऱ्या लढाया आणि निफाडची शेतं मदतीला घेतली आहेत.

पाऊस चालू असेल तोवर रणगाडे थांबवायचे आणि उघडला की सोडायचे, एवढंच ना?

नाही. नवशिक्यांचे सर्वांत जास्त रणगाडे याच समजुतीपायी जातात.

२०१९ च्या दिवाळीत आमच्याकडे अवकाळी पाऊस झाला. मामांची द्राक्षबाग निफाडजवळ आहे. गोडी छाटणी होऊन गेलेली, वेलींवर कोवळी फूट, आणि अशा ओल्या हवेत डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, पडते. फवारणी आजच्या आज व्हायला हवी होती. दुपारी लख्ख ऊन पडलं. आभाळ इतकं निळं की काल पाऊस होता हे खरं वाटू नये. मामांनी ब्लोअर जोडून ट्रॅक्टर बागेत घातला. तिसऱ्या ओळीत मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, काळ्या मातीचा थर टायरवर चढत गेला आणि पाच मिनिटांत ट्रॅक्टर अर्ध्या चाकापर्यंत रुतला. ओढायला शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणला, तोही रुतला. दोन्ही निघाले तिसऱ्या दिवशी.

शेतकरी याला म्हणतात, वाफसा नव्हता, म्हणजे जमीन ट्रॅक्टर किंवा औत घालण्याइतकी सुकलेली नव्हती. पाऊस थांबणं वेगळं आणि जमिनीला वाफसा येणं वेगळं. मधला काळ मुरमाड जमिनीत काही तासांचा असतो, काळ्या जमिनीत काही दिवसांचा. गेममध्येही हेच दोन वेगळे हिशोब आहेत. पॅन्झर जनरलने १९९४ मध्येच आकाशाची स्थिती आणि जमिनीची स्थिती वेगळी दाखवली होती: वर निरभ्र, ढगाळ, पाऊस, बर्फ, खाली कोरडी, चिखल, गोठलेली. हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्येही पावसाची खूण आणि चिखलाची खूण वेगळी आहे. हल्ल्याचा हुकूम देण्याआधी वरची खूण नंतर बघा, खालची आधी. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

चिखलात सगळ्या गाड्या सारख्याच अडकतात का?

नाही. गाडीचं वजन किती, यापेक्षा ते किती जागेवर पसरलंय ते महत्त्वाचं. इगतपुरीकडे भाताच्या खाचरात चिखलणी करताना ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, ते याचसाठी. ट्रॅक्टर तोच, वजन तेच, पण पाय रुंद झाला की तो बुडत नाही.

सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचे पट्टे, म्हणजे चाकांभोवती फिरणाऱ्या लोखंडी साखळ्या, सुमारे अर्धा मीटर रुंद होते. जर्मन पॅन्झर ४ चे पट्टे चाळीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन सैन्य मॉस्कोच्या वाटेवर असताना रशियन रास्पुतित्सा सुरू झाली, म्हणजे रस्त्यांची राबडी होण्याचा तिथला मोसम, तेव्हा हा काही सेंटिमीटरचा फरक रणांगणावर दिसला. जर्मनांनी पुढे पट्ट्यांना रुंद जोड लावले.

म्हणून गेममध्ये नवीन रणगाडा निवडताना फक्त चिलखत आणि तोफ बघू नका. पूर्वेकडच्या मोहिमेसाठी मध्यम वजनाचा, भरवशाचा रणगाडा हा अवाढव्य जड रणगाड्यापेक्षा बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतो.

माझे रणगाडे चिखलात नव्हते, पक्क्या जमिनीवर होते. तरी हल्ला मंदावला. का?

कारण ट्रक चिखलात होते. रणगाडा पट्ट्यांवर चालतो, पण त्याचं डिझेल, पेट्रोल, गोळे, सुटे भाग आणि माणसांच्या भाकरी चाकांवर येतात. चाकं आधी रुततात. आघाडीवर सगळं ठीक दिसतं आणि शंभर किलोमीटर मागे रसद खोळंबलेली असते. हार्ट्स ऑफ आयर्नमध्ये रसदीचा नकाशा वेगळा उघडून बघा. लाल झालेला भाग हाच तुमचा खरा चिखल. तिथे रेल्वे सुधारा, डेपो पुढे आणा. नवीन रणगाडे तयार करून हा प्रश्न सुटत नाही. उलट खाणारी तोंडं वाढतात.

घोडे आहेत म्हणून आपलं भागेल, असंही समजू नका. १९४१ च्या जर्मन सैन्यात घोड्यांवर फार मोठा भार होता आणि त्या चिखलात तेही थकून मेले.

लढाई झालीच नाही, तरी रणगाडे कमी होताहेत. गेममध्ये बग आहे का?

बग नाही. याला अॅट्रिशन म्हणतात, आपल्या भाषेत झीज. कडक थंडी, कडक ऊन, दलदल, चिखल आणि अपुरी रसद यांपैकी काहीही असलं की गाड्या नुसत्या चालूनही बिघडतात आणि हिशोबातून वजा होतात. यावर तीन उपाय आहेत, आणि ते मोहिमेच्या आधी करायचे असतात.

पहिला, रिलायबिलिटी, म्हणजे गाडी न बिघडता किती चालते तो आकडा. रणगाडा डिझाइन करताना हा आकडा तोफेसाठी बळी देऊ नका. दुसरा, डिव्हिजनला (सैन्याच्या मोठ्या तुकडीला) मेंटेनन्स कंपनी, म्हणजे दुरुस्ती पथक, जोडा. तिसरा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: डिव्हिजनला त्या हवेची सवय व्हावी लागते. थंड प्रदेशात काही काळ राहिलेली तुकडी थंडीत कमी झिजते, उष्ण प्रदेशात राहिलेली उन्हात. आफ्रिकेत तापलेली डिव्हिजन डिसेंबरात एकदम रशियात उतरवली तर तिची पहिली लढाई शत्रूशी नसते. सेनापतीही बघून नेमा. हिवाळ्याचा अनुभव असलेला सेनापती हिवाळ्यातली झीज कमी करतो.

जमीन गोठली की रणगाड्यांना बरं की वाईट?

आधी बरं, मग वाईट. या दोन्हींमधली खिडकी पकडणं हे हिवाळी मोहिमेतलं सर्वांत मोठं कौशल्य आहे, असं मला वाटतं.

१९४१ च्या नोव्हेंबरमध्ये पारा शून्याखाली गेला आणि ऑक्टोबरची राबडी सिमेंटसारखी टणक झाली. अडकलेले रणगाडे पुन्हा धावू लागले. जर्मन सेनापतींना हायसं वाटलं. पण पारा तिथे थांबला नाही. डिसेंबरात तो उणे तीसच्याही खाली गेला. इंजिनातलं तेल घट्ट झालं, बंदुकांचं वंगण गोठलं, आणि इंजिन सुरू करण्यासाठी त्याखाली आग पेटवायची वेळ आली. जमीन उत्तम, गाड्या मेलेल्या.

पॅन्झर जनरलमध्ये जमीन गोठली की नद्याही ओलांडता येतात. पूल नसलेल्या ठिकाणी शत्रू निर्धास्त बसलेला असतो, त्याच्या बगलेवर जायची ही वेळ. पण आपल्याही नदीकाठावर पहारा ठेवा. नवखे खेळाडू उन्हाळ्यात नदीला भिंत समजून बसतात आणि ती भिंत हिवाळ्यात नाहीशी होते.

कंपनी ऑफ हीरोज २ मध्ये माझा रणगाडा थेट पाण्यात गेला. हे कसं टाळायचं?

२०१३ च्या या गेममध्ये गोठलेल्या नदी-तळ्याचा बर्फ फुटतो. जड गाडी वर असताना तोफेचे गोळे, मॉर्टर किंवा स्फोटकं बर्फावर पडली की तडे जातात आणि गाडी माणसांसकट बुडते. ती दुरुस्त होत नाही.

आमचा नियम साधा आहे. बर्फावरून एका वेळी एकच गाडी, आणि मध्ये थांबायचं नाही. ओलांडायच्या आधी पायदळ पलीकडे पाठवून तिथे तोफ दबा धरून नाही ना, ते बघायचं. तडे दिसले तर मागे न वळता दुसरी वाट घ्यायची. आणि शत्रूचा जड रणगाडा बर्फावर आला, तर रणगाड्यावर नेम धरत बसू नका, त्याच्या पायाखाली मारा.

हिमवादळात पायदळ नुसतं उभं राहूनच मरतंय. काय करायचं?

शेकोटी. याच गेममध्ये हिमवादळ आलं की उघड्यावरच्या शिपायांच्या अंगातली ऊब कमी होत जाते. घरात, चिलखती गाडीत किंवा शेकोटीजवळ गेलं की ती भरून येते. इंजिनिअर तुकडी शेकोटी पेटवू शकते.

इथे निफाडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा इतका उतरतो की महाराष्ट्रातल्या थंडीच्या बातमीत निफाडचं नाव हमखास येतं. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात आणि ठिबक चालू ठेवतात. मामा एक गोष्ट नेहमी सांगतात : एक मोठी आग करण्यापेक्षा दहा लहान करा, ऊब सगळीकडे पोचते. गेममध्ये मी तेच करतो. पुढे सरकायच्या वाटेवर आधीच दोन-तीन शेकोट्या टप्प्याटप्प्याने लावून ठेवतो, म्हणजे वादळातही तुकडी एका शेकोटीपासून दुसरीपर्यंत सरकत राहते. शत्रू आपापल्या घरात ऊब घेत बसलेला असतो, तेव्हा वादळ संपायच्या आत मोक्याची जागा हातात आलेली असते.

बर्फात पावलांच्या आणि पट्ट्यांच्या खुणा राहतात, तेवढं ध्यानात ठेवा. लपून गेलात तरी वाट दिसते.

ढगाळ हवेत विमानांचा काय उपयोग?

फार थोडा. आणि म्हणूनच ज्याचं हवाईदल कमजोर आहे, त्याने ढगांची वाट बघावी. १६ डिसेंबर १९४४ ला जर्मनांनी बेल्जियमकडच्या आर्डेनच्या जंगलात हल्ला केला तो दोस्तांची विमानं उडू शकणार नाहीत अशी हवा निवडूनच. पहिला आठवडा त्यांना तसा मिळाला. २३ डिसेंबरला आकाश मोकळं झालं, दोस्तांची विमानं उडाली आणि रस्त्यांवरच्या जर्मन रांगा उघड्या पडल्या.

रात्र हेही एक हवामानच समजा. राजस्थानच्या वाळवंटातली लोंगेवाला चौकी, ४-५ डिसेंबर १९७१. पाकिस्तानी रणगाडे रात्री आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांच्या सुमारे १२० जवानांना उजाडेपर्यंत टिकायचं होतं, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री मारा करता येत नव्हता. पहाटे हंटर आली तेव्हा वाळूत अडखळलेले रणगाडे लपायला झाड नसलेल्या मैदानात उभे होते. बचाव करत असाल तर घड्याळ बघायला शिका. जिंकायचं नसतं, उजाडेपर्यंत उरायचं असतं.

धुकं कोणाच्या बाजूने असतं?

जो जवळ जायला बघतो त्याच्या. लांब पल्ल्याची तोफ असलेल्याचं सगळं भांडवल म्हणजे नजर, आणि धुकं तीच काढून घेतं. ज्यांनी पावसाळ्यात कसारा घाट उतरलाय त्यांना माहीत आहे : पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसतात तेव्हा तो दहा-पंधरा हातांवर आलेला असतो. तेवढ्या अंतरावर मोठी तोफ आणि खांद्यावरचं रॉकेट यांत फरक उरत नाही. धुक्यात पायदळ पुढे, रणगाडे मागे. उलटं केलंत तर पहिल्या वळणावर रणगाडा गमावाल.

पावसाचा बंदुका-तोफांवर परिणाम होतो का?

काळ कोणता, यावर अवलंबून आहे. टोटल वॉर मालिकेसारख्या जुन्या काळातल्या गेममध्ये खूप होतो. पावसात धनुर्धारी आणि तोड्याच्या बंदुकांचा मारा ढिला पडतो. प्लासीला, २३ जून १७५७ ला, दुपारी पावसाची जोरदार सर आली. इंग्रजांनी दारूगोळ्यावर ताडपत्र्या टाकल्या, नवाबाच्या सैन्याची दारू भिजली. इंग्रजांचीही भिजली असेल असं समजून चाल करून गेलेले नवाबाचे घोडेस्वार तोफांच्या तोंडी सापडले. फितुरी होतीच, पण ताडपत्रीही होती.

आधुनिक तोफेची दारू भिजत नाही. पण वारा, हवेचं तापमान आणि दाब यांनी गोळ्याची वाट बदलते, आणि तोफखाना मारा करण्याआधी त्याचं गणित करतो. देवळालीला तोफखान्याचं विद्यालय असल्याने आमच्या भागात सरावाचे आवाज लहानपणापासून ऐकलेले आहेत. बहुतेक गेम हे गणित दाखवत नाहीत, फक्त नेम थोडा कमी करतात.

वाळवंटात चिखल नाही, मग तिथे निश्चिंत?

तिथे धूळ आहे. ती एअर फिल्टर भरते, इंजिनात शिरते आणि मशीनचं आयुष्य खाते. मऊ वाळू चाकांच्या गाड्यांना चिखलासारखीच धरते; चालक टायरमधली हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि गाडी वर राहते. केजव्हीलचंच तत्त्व. धुळीचे लोट लांबूनही दिसतात, एवढं पुरे.

जमीन मुद्दाम ओली करता येते का?

बहुतेक गेममध्ये नाही, आणि हे मला फार खटकतं, कारण आपल्याच इतिहासातलं एक उत्तम उदाहरण तसं आहे. सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर हे गाव. पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांपुढे आपली फळी मागे आली होती. आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेसारखा मोर्चा बांधला, कालव्यांचं पाणी शेतांत सोडलं आणि उभ्या उसात तोफा-रणगाडे दडवले. रात्रीतून जमिनीचा वाफसा गेला. ८ ते १० सप्टेंबरच्या लढाईत पॅटन त्या शेतांत रुतत गेले आणि उसातून टिपले गेले. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने तिथेच रणगाडे फोडले आणि तिथेच ते धारातीर्थी पडले.

पॅटन कागदावर सरस होता. आकाशही कोरडं होतं. जमीन कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न होता.

मग पावसाळ्यात लढायचंच नाही, हे धोरण भित्रेपणाचं नाही का?

मुळीच नाही. शिवाजी महाराजांचं सैन्य पावसाळ्यात छावणीला परत येत असे आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा मुलूखगिरीवर निघत असे. पावसाळ्याचे महिने घोडे चारणं, हत्यारं आणि गडांची डागडुजी, धान्याची भरती यांचे. आज हार्ट्स ऑफ आयर्नमध्ये चांगला खेळाडू चिखलाच्या महिन्यांत हेच करतो : डिव्हिजन भरून घेतो, रेल्वे बांधतो, नवीन आराखडा काढतो.

आणि जो हे करत नाही, त्याला पावसाळा खर्चात पडतो. आमच्या नाशिकजवळचा रामशेज बघा. मोगलांनी १६८२ मध्ये वेढा घातला आणि त्या लहानशा किल्ल्याने पाच वर्षांहून अधिक काळ दाद दिली नाही. किल्ल्यात छप्पर असतं, वेढा घालणारा उघड्यावर असतो. प्रत्येक पावसाळा त्याच्या हिशोबात जमा होतो. गेममध्ये वेढा घालताना किती महिने लागतील, हे मोजू नका. मध्ये किती पावसाळे आणि हिवाळे येतात, ते मोजा.

अपवाद असतो, पण तो तयारीवर उभा असतो. १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी काश्मीरमधून लडाखकडे जाणाऱ्या झोजी ला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, बर्फाच्या दिवसांत स्टुअर्ट रणगाडे चढवले. तिथे रणगाडा येऊ शकतो, असं शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. त्याआधी सॅपर्सनी, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअर जवानांनी, वाट रुंद केली होती, हे मात्र विसरू नका.

टेबलावरच्या खेळात हवामान आणायचं असेल तर सोपा नियम कोणता?

आम्ही वापरतो तो सांगतो. दोन सोंगट्या ठेवा, एक आकाशाची आणि एक जमिनीची. दर डावाला फासा टाकायचा : एक-दोन आला तर पाऊस, तीन ते सहा उघाड. पावसाचा प्रत्येक डाव जमिनीची सोंगटी एक घर खाली नेतो, कोरडी ते ओली, ओली ते चिखल. वर यायला मात्र प्रत्येक घरासाठी सलग दोन उघाडीचे डाव लागतात. मध्ये पाऊस आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ओल्या जमिनीवर चाकांची चाल निम्मी, चिखलात चाकं बंद आणि पट्ट्यांची निम्मी. पायदळाला ओल्यात काही नाही, चिखलात एक घर कमी.

दोन डाव खेळलात की दिसेल, खाली जायला एक आणि वर यायला दोन, या एवढ्याशा फरकाने सगळा खेळ बदलतो. एकदा आमच्याकडे उघाड पडून एकच डाव झाला होता आणि हल्ला करणाऱ्या मुलाने अधीर होऊन बारा ट्रक पुढे ढकलले. पुढच्या फाशाला दोन आला.

हवामानाच्या अंदाजावर किती विसंबायचं?

एका डावापुरतं. १९४४ मध्ये दोस्तांचं फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचं आक्रमण ५ जूनला ठरलं होतं, वादळी हवेमुळे ते एक दिवस पुढे गेलं आणि ६ जूनच्या थोड्याशा उघडिपीवर सगळं पणाला लागलं. समोर जर्मन सेनापती रोमेलने तीच खराब हवा बघून कोणी येणार नाही असं धरलं आणि तो पत्नीच्या वाढदिवसाला घरी गेला.

नवीन माणसाने हवामान बंद ठेवून शिकावं का?

पहिले दोन डाव हो, चाली आणि बटणं हाताला बसेपर्यंत. तिसऱ्या डावापासून चालू करा आणि लहान नकाशा घ्या. हुकूम देण्याआधी आमच्या मामांची परीक्षा मनात करून बघा : मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून विखुरला तर ट्रॅक्टर घाला. तसाच राहिला तर अजून एक दिवस थांबा.